वर्कशॉपमधली विजेची हत्यारे: सुरक्षित वापर

कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या वर्कशॉपमध्ये हँड ग्राइंडर, ड्रिल, कटर ही हत्यारे २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. शरीरातून ३० मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह वाहिला, तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असावा. साधा एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही.

धातूची बॉडी असलेल्या हत्याराला तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग लागते. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या हत्याराला दुहेरी इन्सुलेशन असते. त्याला अर्थची वायर नसते. सोललेली केबल, प्लगविना सॉकेटमध्ये खोचलेल्या वायरी आणि पावसाळ्यातली ओली फरशी, तिन्ही घातक.

ग्राइंडरच्या चाकावर छापलेला कमाल वेग हत्याराच्या वेगापेक्षा कमी नसावा. १०० मिमीचा ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. तडा गेलेले चाक या वेगात फुटू शकते. गार्ड काढू नये, गॉगल घालावा. ड्रिलिंग मशिनवर हातमोजे घालू नयेत. ते फिरत्या बिटात अडकतात. चाक किंवा बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा.