छडीनंतरची शाळा

सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांना कायद्याच्या भाषेत ‘उच्च प्राथमिक’ म्हणतात. महाराष्ट्रातली जुनी रचना चौथी आणि सातवीला तुटत असे. त्यामुळे आजही अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, नाहीतर सातवीला संपते आणि हायस्कूल पाचवी किंवा आठवीपासून सुरू होते. यातून होणारी एक गंमत फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. हायस्कूलच्या एकाच व्हरांड्यात शेजारी-शेजारी भरणाऱ्या आठवी आणि नववीच्या वर्गांची कायदेशीर स्थिती वेगळी असते. आठवीतल्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. जूनमध्ये तेच मूल पलीकडच्या खोलीत बसू लागले की शिक्षण हक्क कायद्याचे हे कवच संपते.

2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम 21-अ आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. तो अमलात आणणारा कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. लोकांच्या बोलण्यात हा कायदा म्हणजे खासगी शाळांतले 25 टक्के प्रवेश आणि त्यांची सोडत एवढाच उरला आहे. प्रत्यक्षात तो शाळेच्या रोजच्या व्यवहारापर्यंत पोचतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही, देणगी मागता येत नाही, जन्मदाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाला आधीच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब दिला पाहिजे. टाळाटाळ केल्यास कारवाई मुख्याध्यापकावर होते. दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेलाही प्रवेश अडवता येत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हे कलम फार मोलाचे आहे, आणि त्याची माहिती त्यांनाच सगळ्यात कमी असते.

सर्वांत जास्त वाद झाला तो नापास न करण्याच्या तरतुदीवर. मूळ कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवता येत नव्हते. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची, त्यात मागे पडलेल्यांना दोन महिन्यांत पुन्हा संधी देण्याची आणि तरीही जमले नाही तर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये आपले नियम त्याप्रमाणे बदलले. पण नापास झालेल्या मुलालाही आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेबाहेर काढता येत नाही. ती तरतूद जशीच्या तशी आहे.

शिस्तीच्या दृष्टीने कायद्याचे कलम 17 सर्वांत महत्त्वाचे. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही, असे ते सांगते. त्याआधी डिसेंबर 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांना शारीरिक शिक्षेची मुभा देणारा नियम रद्द केला होता. देशभर सरसकट बंदी आली ती या कलमाने. शारीरिक शिक्षा म्हणजे फक्त छडी, अशी समजूत असते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना तिला छेद देतात. बाकावर उभे करणे, दप्तर डोक्यावर घ्यायला लावणे, पायांतून हात घालून कान धरायला लावणे, गुडघ्यांवर बसवणे, खोलीत किंवा स्वच्छतागृहात कोंडणे हे सगळे शारीरिक शिक्षेतच मोडते. टोमणे, नावे ठेवणे, जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून बोलणे हा मानसिक छळ. आयोगाने 2009-10 मध्ये सात राज्यांतल्या 6,632 मुलांशी बोलून पाहणी केली, तेव्हा कोणतीच शिक्षा झाली नाही असे सांगणारी मुले फक्त 9 निघाली. कायदा नेमका किती मोठ्या सवयीशी झुंजतो आहे, हे त्या आकड्यावरून कळते.

हे कलम मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते, त्या कलमात तुरुंगवास नाही. तो बाल न्याय कायद्यात आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा क्रूरपणे वागवले, तर 2015 च्या या कायद्याच्या कलम 75 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर राहिल्या, पण बाल न्याय कायद्यातून त्यांची सुटका नाही. नववी-दहावीच्या मुलांनाही त्याचाच आधार आहे, कारण तिथे अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल ठरतो.

मार न खाण्याच्या हक्कापलीकडे मुलाला स्वतःची श्रद्धा आणि मत असण्याचाही हक्क आहे. 1985 मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. ती ‘यहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. कोणाचाही अपमान न करता, शांतपणे उभे राहणाऱ्या मुलाला केवळ गात नाही म्हणून घालवता येत नाही, हे ‘बिजो इमॅन्युएल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालाचे सार.

आता जबाबदाऱ्या. शिक्षण हक्क कायदा पालकांना कर्तव्ये सांगतो, सरकारला सांगतो, शिक्षकांना तर यादीच देतो: वेळेवर हजर राहा, अभ्यासक्रम पूर्ण करा, पालकांना भेटा, खासगी शिकवण्या घेऊ नका. मुलाच्या नावावर मात्र एकही कर्तव्य नाही, आणि हे योग्यच आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाची जबाबदारी शिकवून येते, कायद्याच्या धाकाने नाही. मुलाची कर्तव्ये शाळेच्या नियमांत असतात. वेळेवर यावे, गैरहजेरीची चिठ्ठी आणावी, गृहपाठ करावा, मोबाइल वर्गात काढू नये, बाक कोरू नये, दुबळ्याला त्रास देऊ नये. अडचण अशी की बऱ्याच शाळांत हे नियम दैनंदिनीच्या पहिल्या पानावर छापलेले असतात आणि मोडले तर काय होईल हे कुठेच लिहिलेले नसते. ते ठरते त्या दिवशीच्या शिक्षकाच्या मनःस्थितीवर.

‘आमचे हात बांधले आणि मुले डोक्यावर बसली’ ही शिक्षकांची तक्रार म्हणूनच उडवून लावण्यासारखी नाही. कायद्याने छडी काढून घेतली. तिच्या जागी काय वापरायचे याचे प्रशिक्षण मात्र तुटपुंजे राहिले. उच्च प्राथमिकसाठी एका शिक्षकामागे 35 मुले हे प्रमाण कायद्यातच आहे, पण जिथे एका खोलीत साठ मुले कोंबलेली असतात, तिथे समजावून सांगायला उसंत कुठून येणार? समुपदेशक तर बहुतेक गावांतल्या शाळांनी पाहिलेला नाही. तरीही काही गोष्टींना पैसा लागत नाही. वर्गाचे पाच-सहा नियम जूनमध्ये मुलांसोबत बसून ठरवावेत आणि भिंतीवर लावावेत. चूक झाली की मुलाला एकट्याला बाजूला घेऊन आधी त्याचे ऐकावे. मोडले असेल ते दुरुस्त करायला लावावे, दुखावले असेल त्याची माफी मागायला लावावी. चूक पुन्हा-पुन्हा होत असेल तर पालकांना बोलवावे, पण मुलाच्या देखत पाणउतारा करण्यासाठी बोलवू नये. एका मुलाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला उभे करणे ही सर्वांत वाईट पद्धत: ज्याने काही केले नाही त्याचा नियमांवरचा विश्वास त्या दिवशी संपतो.

तक्रारीची वाट ठरलेली आहे. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. तिथेही दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांचे आणि शिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालय, आणि शेवटी राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ही पायरी-पायरीची वाट घ्यायचीच नसते. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना तत्काळ कळवणे सक्तीचे आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्यालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संकटात असलेले मूल 1098 या क्रमांकावर स्वतःही फोन करू शकते. इतर तक्रारींबाबत पालकांनी एवढे करावे: तोंडी न सांगता लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. स्थानिक प्राधिकरणाकडे आलेल्या लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय देणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 ने बंधनकारक आहे.