तंबोऱ्याच्या पांढऱ्या पट्टीचा आजार

तंबोऱ्याची तबली जेथे भोपळ्याला मिळते त्या सांध्याभोवती आणि दांडीच्या दोन्ही कडांनी जी पांढरी किंवा पिवळसर नक्षीदार पट्टी बसवलेली असते, तिला बहुतेक लोक केवळ शोभेची मानतात. प्रत्यक्षात लाकडाच्या उघड्या कडेचे धक्क्यापासून आणि दमटपणापासून रक्षण करणे हेही तिचे काम असते. गिटारच्या पुढच्या फळीच्या कडेने फिरणारी, कारागीर जिला बाइंडिंग म्हणतात ती पट्टी याच प्रयोजनाची. काही दशके लोटल्यावर जुन्या वाद्यांवरील ही पट्टी पिवळी पडते, मग तिच्यात केसाइतक्या बारीक आडव्या भेगा उमटतात आणि शेवटी बोट लावताच तिचा चुरा होतो. वाद्य आपटले असेल किंवा उन्हात राहिले असेल असा तर्क अशा वेळी केला जातो; परंतु खरे कारण बहुधा पट्टीच्या पदार्थातच दडलेले असते.

येवल्यासारख्या गावातील गायकाच्या घरी किंवा भजनी मंडळात जो तंबोरा दिसतो, तो बहुतेक वेळा मिरजेचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तेथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी ही कला सतारमेकर गल्लीत आजवर चालवली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकणारे कडू भोपळे आणि तुणीचे लाकूड ही या वाद्याची मूळ सामग्री. नक्षीसाठी मात्र पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरले जाई. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांमुळे हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. पण स्वस्त आणि कापायला सोपे असे सेल्युलॉइड त्याची जागा त्याआधीपासूनच घेऊ लागले होते.

सेल्युलॉइड म्हणजे कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे सेल्युलोज नायट्रेट, ज्यात लवचिकपणा यावा म्हणून कापूर मिसळलेला असतो. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पार्क्स याने अशा जातीचा पदार्थ १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडला, आणि अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास त्याला व्यापारी रूप दिले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधण्याची त्याची धडपड त्यामागे होती. देवघरातील उघड्या डबीतला कापूर काही दिवसांत हवेत उडून जातो हे सर्वांना ठाऊक आहे. वाद्याच्या पट्टीतही नेमके तेच घडते, फक्त त्याला दशके लागतात. कापूर निघून गेला की पट्टी आकसते आणि ठिसूळ होते, मात्र ती ज्या लाकडाला चिकटलेली असते ते लाकूड तितके आकसत नाही. या ताणातून भेगा पडतात, आणि गिटारच्या कमरेशी, जेथे पट्टी आत वळते, तेथे ती लाकडापासून सुटून दोरीसारखी ताणली जाते.

याहून गंभीर गोष्ट मूळ रेणूच्या विघटनाची आहे. सेल्युलोज नायट्रेट हळूहळू तुटते आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात, जे हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतात. हे आम्ल उरलेल्या पदार्थाला अधिक वेगाने तोडते, म्हणून आजार एकदा सुरू झाला की स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. बंद पेटीत हे वायू कोंडले जाऊन पितळी तारांवर व सतारीच्या पडद्यांवर हिरवट गंज चढतो, आणि पट्टीच्या रंगापेक्षा हाच गंज धोक्याची अधिक विश्वासार्ह खूण ठरतो. एकाच काळातील दोन वाद्यांपैकी एक धडधाकट राहते आणि दुसऱ्याचा चुरा होतो, यामागे कारखान्यात शिल्लक राहिलेले आम्ल किती नीट धुतले गेले होते हा प्रश्न असतो. अपारदर्शक पांढऱ्या पट्टीत रंगासाठी झिंक ऑक्साइड मिसळलेले असल्यास ते आम्ल शोषून घेत असल्याने ती तुलनेने टिकते. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी पारदर्शक नक्षी सर्वांत आधी बिघडते. अमेरिकेतील ग्रेच कंपनीच्या १९५० व १९६० च्या दशकांतील गिटार या दोषासाठी संग्राहकांमध्ये कुप्रसिद्ध आहेत.

नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या नायट्रेट फिल्मवर उतरला, तीही सेल्युलॉइडच्याच कुळातली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशा जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागून अमूल्य ठेवा नष्ट झाला. हा पदार्थ असा झटकन पेट घेतो, त्यामुळे पट्टी सेल्युलॉइडची आहे का हे पाहण्यासाठी तिला तापवलेली सुई टोचण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो अजिबात करू नये. बोटाने घासून गरम केल्यावर कापराचा वास येतो का हे पाहणे पुरेसे आहे.

येवला पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले गाव असल्याने तेथे कोकणासारखा बारमाही दमटपणा नाही, ही जमेची बाजू; परंतु एप्रिल-मेमधील कोरडी उष्णता कापूर उडण्याला आणि विघटनाला गती देते, आणि त्यामागोमाग येणाऱ्या पावसाळी हवेने लाकूड फुगते. या गावातील जाणत्या घरांत पैठणी प्लास्टिकमध्ये न ठेवता मलमलीत गुंडाळून मधूनमधून तिची घडी बदलण्याची जी पद्धत आहे, तीच दृष्टी वाद्यालाही हवी. जाड गवसणीत बांधून कपाटात वर्षभर पडलेला तंबोरा सुरक्षित असतो हा गैरसमज आहे; उलट त्याला वारंवार मोकळी हवा द्यावी, पत्र्याच्या छपराखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये, आणि बिघडू लागलेले वाद्य चांगल्या वाद्यांच्या शेजारी ठेवू नये.

भेगांत गोंद भरणे किंवा वरून पॉलिश चढवणे हा उपाय नव्हे, कारण त्याने आतील आम्ल जागच्या जागी राहते. सुटलेली पण अद्याप घट्ट असलेली पट्टी पुन्हा चिकटवता येते. चुरा होऊ लागलेली मात्र पूर्ण काढून टाकून तेथे हाडाची, लाकडाची किंवा आधुनिक एबीएस प्लास्टिकची पट्टी बसवावी लागते. मूळ पट्टी कोणत्याही किमतीला राखण्याचा संग्राहकांचा आग्रह येथे चुकीचा आहे, कारण ती राखताना तारा, धातूचे भाग आणि अखेर लाकूडही खर्ची पडते. काढलेले तुकडे घरात साठवू नयेत आणि चुलीत तर मुळीच टाकू नयेत. नवी पट्टी बसवताना कारागिराला ती कशाची आहे हे विचारावे आणि त्याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.