कापूस फुटायच्या आत

शाळेतली वाचन स्पर्धा म्हटली की बहुतेकांना एकच चित्र आठवतं. एकेकानं पुढे यायचं आणि धडा खड्या आवाजात, न अडखळता वाचून दाखवायचा. पहिला नंबर कुणाचा येणार हे वर्गाला आधीच ठाऊक असतं. अडखळणारं पोरगं मागे बसून टाळ्या वाजवतं. ज्याला वाचनाची सगळ्यात जास्त गरज, तोच प्रेक्षक!

२०२४ मध्ये शिक्षण विभागानं तिसरी ते बारावीसाठी 'महावाचन उत्सव' घेतला. पुस्तक वाचायचं आणि त्यावर लिहायचं. चांगलंच, पण तेही ज्याचं त्यानं. याउलट, शिकागोत १९४० च्या दशकात रेडिओवरून गटांची पुस्तक-स्पर्धा सुरू झाली आणि पुढे अमेरिकेतल्या शाळाशाळांत पसरली. विदर्भातल्या घाटंजीसारख्या ठिकाणी शाळांच्या एखाद्या केंद्राला ती सहज जमेल.

तिसरी ते पाचवीची पाच मुलं म्हणजे एक गट. यादी आठ पुस्तकांची. प्रत्येकानं आठही वाचायची सक्ती नाही, गटात मिळून सगळी वाचून झाली की पुरे. मग वाटणी होते. जाडजूड 'तोत्तोचान' पाचवीतली मुलगी घेते, चित्रांचं पातळ पुस्तक तिसरीतला अडखळणारा घेतो. आणि अंतिम फेरीत त्या पातळ पुस्तकावर प्रश्न आला की अख्खा गट त्याच्याच तोंडाकडे बघतो. स्पर्धेचा सगळा जीव या एका क्षणात आहे.

प्रश्न एकाच साच्याचा ठेवावा: हे कोणत्या पुस्तकात आहे? रेल्वेच्या डब्यांत शाळा भरते, ते कोणत्या पुस्तकात? 'टॉक्' असा आवाज काढणारा मुलगा कोणत्या पुस्तकात? तळपायाला माती लागू नये म्हणून आई ओचे पसरते, ते कोणत्या पुस्तकात? पुस्तकाच्या नावाला तीन गुण, लेखकाच्या नावाला दोन. गोष्टीचं तात्पर्य विचारू नये, त्यानं पुस्तकाचा धडा होतो.

उत्तराआधी अर्धं मिनिट कुजबुजायला द्यावं, आणि ती कुजबुज कुठल्याही भाषेत चालावी. इथं पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या, मुलाच्या घरी कोलामी बोलतात, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. कोलामी तर द्रविड कुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. गोष्ट कळली की नाही हे बघायचं असेल, तर मराठी किती सफाईनं बोलतो हे मोजू नये.

तारखेचं मात्र फार जपावं लागतं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू होते. त्या दिवसांत पटावरची मुलं वर्गात दिसतीलच असं नाही. म्हणून डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाला जोडून ही स्पर्धा ठेवू नये. १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतोच. अंतिम फेरी त्याच दिवशी घ्यावी. तयारीला साडेतीन महिने मिळतात.

खरी अडचण पुस्तकांची. शाळेच्या कपाटात शीर्षकं पुष्कळ असतात, पण एकेकाची एकच प्रत. ती एका घरी गेली की बाकीचे गट अडले. प्रत्येक शाळेत एका पुस्तकाच्या निदान तीन प्रती हव्यात. तेव्हा लेकराच्या वाढदिवसाला शाळेत पुस्तक देणार असाल, तर नवं शीर्षक शोधत बसू नका. गुरुजींना यादी विचारा आणि त्यातल्याच एकाची आणखी एक प्रत द्या.