गोळी नको, सराव हवा

काही महिन्यांपूर्वी आमच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे हिशेबनीस दवाखान्यात आले. वय ५४. सोबत पत्नी. बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, स्मरणशक्तीची गोळी लिहून द्या. डोकं चालेनासं झालंय."

विचारपूस केली. वीस वर्षे एकाच सॉफ्टवेअरवर काम. कळांकडे न बघता बिले करायचे. दोन महिन्यांपूर्वी त्याची नवी आवृत्ती आली. पडद्याची मांडणी बदलली, ओळखीच्या कळा बदलल्या. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागू लागला. शेजारच्या टेबलावरच्या पोराला सारखे विचारायची लाज वाटे. झोप उडाली, मान आखडली, डोळ्यांची आग होऊ लागली. रक्तदाब १५०/९६. "राजीनामा देतो म्हणतात," पत्नी हळूच म्हणाल्या, "मुलीचं शिक्षण अजून व्हायचंय."

जीएसटीचे विवरण भरायच्या तारखा विचारल्या, तर धडाधड सांगितल्या. अशा माणसाची स्मरणशक्ती गेली असे कसे म्हणावे?

ही तक्रार अनेकांची आहे. 'ऑफिस २००७' मध्ये जुने मेनू जाऊन रिबन आली, २०२० मध्ये 'टॅलीप्राइम' आले, तेव्हाही सरावलेली माणसे अशीच गोंधळली. कारण सोपे आहे. रोजचे काम हळूहळू सवयीचे होते आणि मेंदूच्या आतल्या, सवयी सांभाळणाऱ्या भागाकडे जाते. मग बोटे आपोआप चालतात. मांडणी बदलली की बोटे जुन्याच जागी जातात. सवय जितकी पक्की, तितकी अडचण जास्त. नवख्या पोराला विसरण्यासारखे काही नसते, म्हणून तो भराभर शिकतो.

माझेच सांगतो. तरुणपणी वडिलांची बुलेट चालवायचो. तिचे गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. पुढे नवी मोटारसायकल घेतली. तिच्यात नेमके उलटे. ब्रेक मारायला जावे, तर पाय गिअरवर! महिनाभरात पाय सरावले.

त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. एका दिवसात सगळे शिकू नका. नेहमी लागणाऱ्या पाच-सहा कळा कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. रोज अर्धा तास, कामाची घाई नसताना, सराव करा. झोप मोडू नका. शिकलेले झोपेतच पक्के होते. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवा. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल आणि वाचण्यासाठी मान वर करावी लागत असेल, तर पडद्यासाठी वेगळा चष्मा करून घ्या. अधूनमधून डोळे मिचकावा, दूर बघा.

मात्र ओळखीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचे शब्द न आठवणे, असे घडू लागले तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड व बी-१२ तपासून घ्यावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते.

यांचे दोन्ही अहवाल ठीक निघाले. मीठ कमी करायला सांगितले आणि पुन्हा रक्तदाब मोजायला बोलावले. महिन्याने आले तेव्हा तो १३४/८४ होता. राजीनाम्याचा विषय निघाला नाही.

"पोरगा मला कळा सांगतो," ते हसून म्हणाले, "आणि कुठली नोंद कुठल्या खात्यात जाते, ते तो मला विचारतो."