प्लगइन वेगळा, म्हणून परवानाही वेगळा?

भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर लागतात. समजा, याच तालुक्यातल्या वाशिंदच्या एखाद्या तरुणाने विहिरींची पाणीपातळी नकाशावर दाखवणारा प्लगइन क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरसाठी पायथनमध्ये लिहिला आणि तो ग्रामपंचायतींना विकायचं ठरवलं. मुक्त सॉफ्टवेअरला जोडलेलं काही विकता येत नाही, असं त्याला कुणीतरी सांगणारच. ते साफ चूक आहे. क्यूजीआयएसचा परवाना जीपीएल, म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स, आहे आणि जीपीएल किमतीवर बंधन घालत नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. ‘माझा प्लगइन वेगळ्या झिप फाइलमध्ये आहे, क्यूजीआयएसची एक ओळही मी उचललेली नाही, मग सोर्स कोड बंद ठेवला तर काय बिघडलं?’ पण फाइल कुठे ठेवली यावर काही ठरत नाही. ती चालताना मूळ प्रोग्रॅममध्ये किती गुंतते, हे पाहतात. प्लगइन मूळ प्रोग्रॅमच्या आतच चालत असेल, त्याची फंक्शन्स बोलावत असेल, डेटाची रचना दोघांत सामाईक असेल, तर दोन्ही मिळून एकच प्रोग्रॅम होतो, असं जीपीएल लिहिणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन मानतं. क्यूजीआयएसचा पायथन प्लगइन नेमका असाच असतो. म्हणून तो जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्यानेच द्यावा लागतो. जीपीएलखालच्याच वर्डप्रेसच्या थीमबद्दल 2009 साली सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने असंच मत दिलं: पीएचपीचा भाग जीपीएलखाली येतो, चित्रं आणि सीएसएस येत नाहीत. ही मतं आहेत, न्यायालयाचे निकाल नव्हेत. तरीही ज्यांच्या कोडवर आपला धंदा उभा आहे, त्यांचं म्हणणं डावलू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्लगइनमधल्या हिशेबाचं सूत्र गुप्तच ठेवायचं असेल, तर ते सीएसव्ही फाइल घेऊन सीएसव्ही फाइलच परत देणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये ठेवावं. असे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच पेन ड्राइव्हवर दिले तरी चालतं. नुसतं शेजारी ठेवल्याने जीपीएल दुसऱ्याला लागू होत नाही.

सोर्स साऱ्या जगाला द्यावा लागतो, हेही खरं नाही. ज्याला प्रत दिली, त्याला द्यायचा. ग्रामपंचायतीने स्वतःपुरता बदल करून वापरला, तर कुणालाच द्यावा लागत नाही. तयार झालेल्या नकाशांना आणि विहिरींच्या नोंदींना तर जीपीएल लागूच नाही.

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचं संरक्षण आहे, आणि जीपीएलच्या अटी मोडल्या की वाटण्याची परवानगीही जाते. म्हणून ग्रामपंचायतीशी करार करतानाच त्यात परवान्याचं नाव लिहावं आणि सोर्स कोड प्लगइनबरोबरच द्यावा, कुणी मागायची वाट पाहू नये.