जगाची वेळ मनगटावर

हिवाळ्यांत मुंबईंत सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हां लंडनमध्यें पहाटेचे पांच झालेले असतात, आणि न्यूयॉर्कमध्यें नुकती मध्यरात्र होत असते. हा सारा हिशेब एकाच तबकडीवर दाखविणारीं जुनीं मनगटी घड्याळें जगभरचे संग्राहक मोठ्या हौसेनें शोधीत असतात. परंतु अशा घड्याळाचें खरें मोल त्याच्या सोन्यांत नसून तबकडीवरील अक्षरांत आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं.

१८८४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ग्रीनिचची रेखा मूळ रेखावृत्त म्हणून मान्य केली. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे दर १५ अंशांस एका तासाचा फरक पडतो. हें सूत्र लहानशा घड्याळांत बसविण्याची सुटसुटीत युक्ति जिनीव्हाचा कारागीर लुई कॉत्ये यानें १९३१ च्या सुमारास सिद्ध केली. पुढें व्हाशेरॉन कॉन्स्टँटिन व पाटेक फिलिप या नामांकित पेढ्यांनीं तिचा स्वीकार केला.

या योजनेंत मध्यभागीं नेहमींचे काटे व त्यांच्याभोंवतीं चोवीस तासांचें कडें असतें. दांत्यांच्या चक्रांनीं काट्यांशीं जोडलेलें हें कडें दिवसांतून एकदां उलट दिशेनें फिरतें. त्याच्या बाहेर शहरांचीं नांवें असतात. आपलें शहर बाराच्या जागीं आणून ठेविलें, कीं प्रत्येक नांवासमोर तेथील तास वाचतां येतो. मिनिटकाटा मात्र सर्व जगास मिळून एकच!

येथेंच भारताची अडचण होते. आपली प्रमाण वेळ ८२.५ अंश रेखांशाची, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढची. त्यांतून मुंबईनें १९०६ सालीं प्रमाण वेळ आल्यावरही आपली जुनी वेळ सोडली नाहीं. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें असे, व शहरांत ती १९५५ पर्यंत टिकली. पूर्ण तासांच्या हिशेबावर चालणाऱ्या यंत्रांत या ३९ मिनिटांस जागा कोठून मिळणार? प्रवाशास बेरीज-वजाबाकी मनांतच करावी लागे. अर्ध्या व पाव तासाच्या वेळाही दाखविणारें, ३७ वेळांचें घड्याळ व्हाशेरॉन पेढीनें २०११ सालीं काढलें.

संग्राहकानें म्हणून तबकडी एखाद्या जुन्या नकाशाप्रमाणें वाचावी. १९४० पूर्वीं पॅरिसची वेळ लंडनचीच होती. त्या वर्षीं जर्मन अमलाखालीं तेथें मध्य युरोपची वेळ लागू झाली, व युद्धानंतरही तीच राहिली. दोन्ही शहरें एकाच घरांत लिहिलेलीं दिसलीं, तर ती मांडणी जुन्या व्यवस्थेची खूण होय. केवळ तेवढ्यावरून घड्याळाचें वय ठरवूं नये; आंतील यंत्र, त्यावरचा क्रमांक व बाहेरची पेटी यांचा मेळ बसतो किंवा नाहीं, तेंही पाहावें.

घात होतो तो चकाकीच्या मोहानें. डागाळलेली तबकडी नव्यानें रंगवून घेतली, किंवा अक्षरें कोरलेलें कडें घासून लख्ख केलें, म्हणजे घड्याळ नवें दिसतें खरें. पण त्यानें जपून ठेविलेली साक्ष कायमची पुसली जाते. २०१९ सालीं हाँगकाँगच्या लिलावांत निळ्या मिन्याच्या तबकडीचें एक जुनें पाटेक फिलिप सात कोटी हाँगकाँग डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. असे आंकडे ऐकून बनावट करणारांसही हुरूप येतो, आणि अजाण वारस घरांतील चांगली वस्तु उजळविण्याच्या भरांत बिघडवून बसतो.

सर्वांनाच असलें घड्याळ परवडणार नाहीं. परंतु आजोबांचें एखादें साधें घड्याळ पुष्कळ घरांतून असतेंच. तें दुरुस्तीस देतांना यंत्र साफ करण्यास सांगावें, आणि तबकडीस हात न लावण्याची ताकीद द्यावी. बंद पडलेलें यंत्र कुशल हातांनीं पुन्हां चालूं होतें. पुसलेलें अक्षर मात्र परत येत नाहीं.