बारा पीसी आणि एक फाइल: लिनक्स अपग्रेड करायचं की नव्याने टाकायचं?

व्हिडिओत दोन मिनिटांत आटोपलेला मुद्दा इथे जरा सविस्तर.

समजा, तुमचा कम्प्युटर क्लास आहे. बारा पीसी, सगळ्यांवर उबंटू २०.०४. एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं मोफत सिक्युरिटी अपडेट मिळतात; २०.०४ ची ती मुदत मे २०२५ मध्ये संपली. उबंटू प्रो घेतलं तर मुदत वाढते, पण ते फुकट पाच मशीनपर्यंतच.

मग अपग्रेड? थांबा, आधी हिशोब करा. २०.०४ वरून थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, मध्ये २२.०४ घ्यावंच लागतं. बारा पीसी, दोन टप्पे, म्हणजे चोवीस अपग्रेड! त्यात बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरी बंद होतात, मध्येच "जुनी सेटिंग ठेवू की नवी?" असं विचारलं जातं. कुणीतरी समोर बसायलाच हवं. त्या माणसाचा पगार कोण देणार?

इथे ऑटोइन्स्टॉल कामाला येतं. भाषा, कीबोर्ड, यूजर, डिस्क, कोणती सॉफ्टवेअर हवीत, ही सगळी उत्तरं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवायची. इन्स्टॉलर ती वाचून काम उरकतो. फाइल कोऱ्या पानावरून लिहायचीही गरज नाही. एक पीसी हाताने इन्स्टॉल करा; इन्स्टॉलर आपल्या लॉग फोल्डरमध्ये तशी फाइल स्वतःच ठेवतो. रेड हॅटच्या घराण्यात हेच काम किकस्टार्ट करतं, डेबियनमध्ये प्रीसीड. उद्या तेरावा पीसी आला किंवा एखादी हार्ड डिस्क गेली, तर तीच फाइल पुन्हा वापरायची. माझ्या मते खरी बचत इथेच आहे.

काउंटरवरच्या एकुलत्या एक बिलिंग मशीनचं मात्र वेगळं. प्रिंटर, स्कॅनर सगळं बसलेलं असेल, तर बॅकअप घेऊन अपग्रेडच करा. फक्त २० तारखेच्या आदल्या रात्री नको, जीएसटीआर-३बी भरायचा असतो!

आणि एक गोष्ट नीट वाचा. फाइलमध्ये डिस्क नेमकी सांगितली नसेल, तर उबंटूचा इन्स्टॉलर सगळ्यात मोठी डिस्क निवडून ती पुसतो. बॅकअपची दोन टीबीची डिस्क यूएसबीला लटकलेली असली, तर गेलीच समजा. बूट करताना 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द दिला असेल तर तो शेवटची परवानगीसुद्धा विचारत नाही. म्हणून आधी बॅकअपमधली दोन-चार बिलं दुसऱ्या पीसीवर उघडून बघा, मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि पहिला प्रयोग रिकाम्या पीसीवरच करा.